आपल्या शहरात आकाशपाळणा: पण वरून दिसणार काय?

नहरकाठ (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक चित्र फिरलं. पुढे बीबी का मकबरा, मागे डोंगर आणि दोघांच्या मधे निळ्या दिव्यांचं भलंमोठं चाक. खाली ओळ, 'आता आपल्या शहरातही लंडन आय!' चित्र कुणी केलं, कुठून आलं, काही पत्ता नाही. तरी दोन तासांत साठ-सत्तर मेसेज पडले. अर्ध्यांनी हात जोडले, अर्ध्यांनी विचारलं की नळाला पाणी कधी?

पाण्याचा मुद्दा मान्य. टँकरचे पैसे मीही मोजतो. पण प्रत्येक धागा पाण्यापाशी येऊन संपतो म्हणून या वेळी तो जरा बाजूला ठेवू.

जानेवारीत आम्ही टूरबरोबर सिंगापूरला गेलो होतो. तिथला फ्लायर, म्हणजे असंच भलंमोठं चाक, १६५ मीटर उंच, २००८ साली सुरू झालेला. काचेचा डबा चांगला खोलीएवढा, २८ माणसं मावतील असा. त्यात आम्ही नऊ जण. फेरीला अर्धा तास. कर्णपुऱ्याच्या जत्रेतल्या पाळण्यात पोटात जो गोळा येतो, तो शोधायला गेलात तर निराश व्हाल. चाक फिरतंय हेच कळत नाही. पहिली दहा मिनिटं सगळे फोटो काढत होते. मग समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसली, डझनांनी, आणि डब्यात एकदम शांतता झाली. सासरे तेवढे शंभर मीटरवर डुलक्या घेत होते. उतरल्यावर म्हणाले, "बरं वाटलं, गार होतं."

परत आल्यावर या चाकांबद्दल वाचत बसलो. १८८९ मध्ये पॅरिसनं आयफेल टॉवर उभारला. त्याला तोडीस तोड काहीतरी हवं म्हणून १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी जॉर्ज फेरिस नावाच्या पुलांच्या इंजिनिअरनं २६४ फुटी चाक केलं. डबे ३६, प्रत्येकात ६० माणसं, म्हणजे एका वेळी २१६० लोक हवेत. पन्नास सेंटमध्ये दोन फेऱ्या, वीस मिनिटं. लोकांनी डोक्यावर घेतलं. पण प्रदर्शन उठलं आणि चाकाला कुणी विचारेना. फेरिस १८९६ मध्ये सदतिसाव्या वर्षी विषमज्वरानं गेला. चाक आधी शिकागोतच दुसरीकडे हलवलं, मग १९०४ च्या प्रदर्शनाला सेंट लुईसला नेलं आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडलं.

तर माझा प्रश्न 'हवं की नको' हा नाहीच. वरून दाखवणार काय? लंडनच्या चाकासमोर थेम्स आहे, पलीकडे त्यांची संसद आहे. गेल्या रविवारी सकाळी मुद्दाम हाच प्रश्न डोक्यात घेऊन गोगाबाबा टेकडी चढलो. मकबऱ्याचा घुमट दिसला, विद्यापीठाची झाडी दिसली, पश्चिमेला धुरकट देवगिरी. बाकी सगळीकडे गच्च्या आणि गच्च्यांवर काळ्या टाक्या. मोजायला लागलो, दोनशेनंतर सोडून दिलं.

गोलाईकर

लातूरला द्या. आमच्याकडं वरून बघायला गंजगोलाई आहे. मधे जगदंबेचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि सोळा रस्ते सुटलेले. वरनं बघितलं तर चाकच की! चाकात बसून चाक बघायचं.

काळं_रान

+१. आणि गुळाचा भाव बी वरूनच बघता येईल.

मकबऱ्यामागे

आयडीप्रमाणेच राहतो, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. त्या चित्रातलं चाक जिथं दाखवलंय तिथं ते होऊच शकत नाही. मकबरा संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय वीटही नाही. आमच्या शेजाऱ्यांना घराचा जिना बदलायला किती चपला झिजवाव्या लागल्या ते मी बघितलंय.

ते सोडा. कायदा नसता तरी मकबऱ्याच्या मागे काही उभं करणं म्हणजे अपराध आहे. त्या इमारतीची गंमत तिच्यामागच्या मोकळ्या आभाळात आहे. ताजमहालाशी तुलना करून लोक तिला हिणवतात. पण पावसाळ्यात मागचा डोंगर हिरवा होतो आणि त्यावर काळे ढग उतरतात, तेव्हा येऊन बघा. तिथं निळे दिवे लुकलुकायला लागले तर मी घर विकीन.

मात्र पाळण्याच्या बाजूनंही एक सांगतो. आपल्याकडे येणाऱ्या पर्यटकाची संध्याकाळ रिकामी असते. सकाळी वेरूळ, येताना दौलताबाद, मग मकबरा, पाणचक्की. दुसऱ्या दिवशी शंभर किलोमीटरवर अजिंठा आणि तिथून परस्पर जळगाव. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, म्हणून त्या दोन दिवशी तर सगळं वेळापत्रकच उलटंपालटं. अंधार पडल्यावर करायचं काय, तर हॉटेलात टीव्ही. नाहीतर नान-खलिया खाऊन झोप. संध्याकाळी बघण्यासारखं काही असलं तर माणूस एक रात्र जास्त राहील. रिक्षावाल्यापासून हिमरू शाली विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ती एक रात्र हवी आहे.

हिशेबनीस

एक रात्र जास्त राहील, पण पाळण्यात बसेल का? आकडे मांडू. सगळे 'समजा'चे आहेत, कुणी उचलून बातमी करू नये.

समजा ६० मीटरचं मध्यम चाक, डबे ४०, डब्यात ६ माणसं. एका फेरीत २४०. फेरी १५ मिनिटांची धरली तर तासाला ९६०. दिवसाला ८ तास चालवलं तर ७,६८०. एवढे लोक कधीच येणार नाहीत, म्हणून चौथाई धरा: १,९२०. तिकीट २००. दिवसाला ३ लाख ८४ हजार. ऐकायला गोड आहे.

आता कापायला घ्या. मे महिन्यात दुपारी १२ ते ५ कुणी फिरकणार नाही. पावसात, वाऱ्यात बंद. पहिलं वर्ष गर्दी. दुसऱ्या वर्षापासून गावातला माणूस पाहुणा आला तरच येणार. लंडनला वर्षाला तीसेक लाख लोक बसतात, कारण पाहुण्यांना तिथे तोटा नाही. आपल्याकडे चौथाई रोज भरणं हीच मोठी उडी आहे. वर कर्जाचं व्याज, वीज, विमा, पगार.

मेलबर्नचं उदाहरण यासाठी वाचण्यासारखं आहे. १२० मीटरचं चाक, डिसेंबर २००८ मध्ये सुरू आणि चाळीस दिवसांत बंद. पोलादाला तडे गेले. दुरुस्त होऊन पुन्हा फिरायला २०१३ चा डिसेंबर उजाडला आणि २०२१ मध्ये परत थांबलं. तिथल्या लोकांची तक्रार पहिल्यापासून हीच होती की वरून दिसायला बंदराचं आवार. धागाकर्त्याचा प्रश्न बरोबर आहे.

दुबईचं तर २५० मीटर, जगात सगळ्यात उंच. ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडलं, मार्च २०२२ मध्ये बंद झालं, थेट डिसेंबर २०२४ मध्ये परत सुरू. पैसा असूनही.

पुण्यात_अडकलेली

हिशेबनीस, तुम्ही लग्नातसुद्धा ताटं मोजत असणार.

हिशेबनीस

मोजतो. वाढपी चोरतात.

स्थापत्य_वेडा

तांत्रिक बाजू थोडी. लोकांना वाटतं ही चाकं म्हणजे जत्रेतला पाळणा मोठा केलेला. तसं नाही. जत्रेतल्या पाळण्याचे दांडे ताठ असतात, ते वजन दाबाने पेलतात. लंडनचं चाक सायकलच्या चाकासारखं आहे: मधे आस, बाहेर कडं आणि दोघांना ताणून धरणाऱ्या तारा. सायकलचा आरा हातानं वाकवून बघा, सहज वाकेल. पण ओढलात तर तुटणार नाही. तोच हिशेब. त्यामुळे चाक हलकं होतं आणि उंच नेता येतं. वर ते एकाच बाजूनं टेकू दिलेलं आहे, नदीच्या अंगाला पाय नाहीतच. नदीवर आडवं ठेवून जोडलं आणि मग हळूहळू उभं केलं. सप्टेंबर १९९९ चा पहिला प्रयत्न फसला, ऑक्टोबरात जमलं. सगळे मिळून ३२ डबे, पण नंबर ३३ पर्यंत. तेरा नंबर गाळलाय.

ते चाक माणसं घ्यायला सहसा थांबत नाही. कडेचा वेग सेकंदाला २६ सेंटिमीटर, म्हणजे आपण रमतगमत चालतो त्याहून कमी. चालत्या डब्यात पाय टाकायचा.

आपल्याकडे काय अडेल? पाया अडणार नाही. शहराखाली बेसॉल्ट आहे, बऱ्याच ठिकाणी थोडं खणलं की लागतो. वरची काळी माती तेवढी पूर्ण काढायची. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घरांच्या भिंतींना तिरक्या चिरा कशानं पडतात हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. भूकंपाचाही विचार लागेल, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या भागात कुणी विसरलेलं नाही. पण किल्लारीत माणसं मारली ती माती-दगडाच्या जड भिंतींनी. नीट जोडलेलं पोलाद भूकंपात त्यामानानं बरं वागतं.

खरा शत्रू वारा. वाऱ्याच्या भारतीय मानकात आपल्या शहराला सेकंदाला ३९ मीटर हा मूळ वेग धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. किनारपट्टीच्या मानानं कमीच. पण मे महिन्यातल्या वळवाच्या आधी जी वावटळ उठते, ती कुणाला विचारून येत नाही. पत्रे उडतात ते त्याच दहा मिनिटांत. मोठ्या चाकाची फेरी असते अर्ध्या तासाची. म्हणजे वारा वाढतोय हे कळल्यावर सगळ्यांना उतरवायला पुरेसा वेळ मिळेल अशी यंत्रणा लागेल, आणि कंटाळा न करता ती रोज बघणारा माणूस.

उन्हाचंही आहे. शंभर मीटर पोलाद ३० अंशांच्या फरकानं साडेतीन सेंटिमीटरच्या वर वाढतं. मेलबर्नच्या तड्यांचं खापर आधी उष्णतेच्या लाटेवरच फोडलं होतं, पुढे दोष रचनेत निघाला.

आणि जागा. चिकलठाण्याच्या बाजूला विमानतळामुळे उंचीची परवानगी लागेल. वेरूळ दिसेल अशी कुणाला आशा असेल तर सोडा. ६० मीटरवरून नजर सपाटीवर साधारण २७-२८ किलोमीटर जाते, पण लेणी डोंगराच्या पलीकडे पश्चिमेला तोंड करून बसलीत. आपल्याकडे त्यांची पाठ.

गोलाईकर

वीज गेली तर?

स्थापत्य_वेडा

जनरेटर असतो, वर आणखी एक पर्याय ठेवतात. तरी अडकतात. सिंगापूरचंच चाक डिसेंबर २००८ मध्ये नियंत्रण कक्षातल्या आगीमुळे थांबलं, १७३ लोक सहाएक तास वर होते. काहींना दोरानं उतरवलं. त्यानंतर राखीव यंत्रणा वाढवल्या.

नहरकाठ

अरे बापरे. सासऱ्यांना हे सांगत नाही.
त्याच चाकाची दुसरी गोष्ट आमच्या गाइडनं सांगितली होती: सुरुवातीला ते उलटं फिरायचं. फेंगशुईवाल्यांनी सांगितलं की शहराची लक्ष्मी बाहेर चाललीय, म्हणून दिशा बदलली. नंतर वाचलं तर खरंच निघालं. आपल्याकडे तर भूमिपूजनाच्या आधीच दोन वास्तुतज्ज्ञ भांडतील.

संपादक

शहराचं नाव काय लिहावं यावरून आलेले अकरा प्रतिसाद उडवले आहेत. ज्याला जे लिहायचं ते लिहा, दुसऱ्याचं दुरुस्त करू नका. पाळण्यावर बोला.

पुण्यात_अडकलेली

मी पैठणची. लहानपणी नाथषष्ठीला वाळवंटात पाळणे लागायचे. फाल्गुनातलं ऊन, दिंड्या, भानुदास-एकनाथाचा गजर आणि त्यातच पाळण्याचा भोंगा. आजीला पाळणा आवडायचा नाही, पण पैसे तीच द्यायची, रुमालाची गाठ सोडून.

आठवीत होते. मी आणि मामेबहीण अगदी वर असताना पाळणा थांबला. आधी वाटलं, माणसं चढवतायत. मग इंजिनाचा आवाज बंद झाला आणि खालचा सगळा कल्ला एकदम ऐकू यायला लागला. पट्टा तुटला होता. बहीण रडायला लागली. मला आठवतं ते वेगळंच. वरून गोदावरी दिसत होती, पात्रात इतकुसं पाणी, आणि लांबवर धरणाची भिंत. एवढी मोठी भिंत मी रोज बघत होते, पण ती केवढी लांब आहे हे तेव्हा कळलं. पलीकडे नाथसागर, आभाळाला टेकलेला.

अर्ध्या तासानं आम्हाला उतरवलं. कसं उतरवलं ते आठवत नाही. घरी कुणी बोललं नाही, आजीनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

म्हणून माझं मत: करायचंच असेल तर पैठणला करा. तिथं वरून दिसण्यासारखं आहे.

परभणीचा_भाचा

कसं उतरवलं ते मी सांगतो. मामांचा पाळणा होता. खंडोबाच्या माळेगावला लागायचा, मग आमच्या उरुसाला, महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराला, अशी जत्रेमागं जत्रा. मी सुट्टीत त्यांच्यासंगं असायचो. तिकिटं फाडायचो.

पट्टा तुटला की पहिलं काम म्हणजे चाक अडवून धरायचं, नाहीतर जड बाजू आपोआप खाली येऊन चाक झोके खातं. मग पोरं दांड्यांवरून वर चढायची. मोटारबिटार काही नाही, अंगाच्या वजनानं चाक फिरवायचं. एक पोरगं एका बाजूच्या कडेला लोंबकळलं की ती बाजू खाली येती, एक डबा खाली लागतो, माणसं उतरतात. पण सगळे एकाच बाजूचे उतरवले तर समोरची बाजू जड होती. म्हणून इकडचा एक, मग त्याच्या बरोबर समोरचा एक. मामा खालून बोटांनी खुणा करायचे, ओरडायचे नाहीत. ओरडलं की वरचे लोक घाबरतात.

चढवतानाही तेच. लोकांना वाटतं वर थांबवलं ते मजा यावी म्हणून. तसं काही नसतं, खाली समोरचा डबा भरायला थांबवलेलं असतं. जाडा माणूस आला की मामा त्याला हसत हसत, "या साहेब, तुमच्यासाठी पेशल" म्हणून बरोबर पाहिजे त्या डब्यात बसवायचे. त्या साहेबाला वाटायचं मान दिला.

आणि वजन जमलं की नाही ते मामा आवाजावरून सांगायचे. बेअरिंग एका फेरीत एकदाच कुरकुरलं तर एक बाजू जड. सारखं कुरकुरलं तर ग्रीस संपलं. रोज सकाळी पहिलं तिकीट फाडायच्या आधी ते पाना घेऊन एकेक नट बघायचे. बघायचे म्हणजे ठोकायचे. ढिल्या नटाचा आवाज बद्द येतो. एका जत्रेत जागेचा लिलाव जास्तीत गेला, पैसे वसूल व्हायला पाहिजे म्हणून भागीदारानं सकाळचं ठोकणं बंद करायला सांगितलं, अर्धा तास वाचतो म्हणून. मामांनी त्याच जत्रेनंतर भागीदारी मोडली.

स्थापत्यवाल्यांनी लिहिलं ना, रोज बघणारा माणूस लागंल. पैशाचं काय, ते कुठून तरी येतील. तो माणूस कुठून आणायचा ते सांगा.

स्थापत्य_वेडा

तुमच्या मामांनी जे केलं त्याला आम्ही कॉलेजात दोन सेमिस्टर घालवतो. नट ठोकून आवाज ऐकणं ही रेल्वेतही जुनी पद्धत आहे, चाकं ठोकून बघायचे.

काळं_रान

आमच्या तालुक्यातल्या एका बागेत कारंजं बसवलं होतं. उद्घाटनाला उडालं. आता त्यात म्हशी बसायल्यात. पाळण्यात काय बसंल?

मकबऱ्यामागे

म्हशींना वरून चांगलं दिसेल.

गंमत सोडा, व्हिएन्नाचं चाक बघा. १८९७ चं, ६५ मीटरलाही जरा कमी. दुसऱ्या महायुद्धात जळलं, डबे ३० होते ते परत बांधताना १५ च केले. सव्वाशे वर्षं झाली, अजून फिरतंय. उंचीत कुणाच्या खिजगणतीत नाही, पण व्हिएन्ना म्हटलं की तेच आठवतं. उंचीच्या शर्यतीत आपण पडूच नये. पडायचंच असेल तर देवगिरीचा डोंगर भोवतालच्या जमिनीपासून लंडनच्या चाकाहून उंच आहे. आधी अंधारी, म्हणजे ते काळोखं भुयार, मग पायऱ्या, मग बारादरी. तिथून जे दिसतं त्याला वीज लागत नाही.

पुण्यात_अडकलेली

माझी आई सत्तरीची आहे, गुडघे गेलेत. ती देवगिरी कशी चढणार? पाळण्याची खरी बाजू हीच आहे ना, की ज्याला चढता येत नाही त्यालाही उंचावर जाता येतं. हे इथं कुणीच लिहिलं नाही.

मकबऱ्यामागे

बरोबर. चुकलो.

नहरकाठ

हा मुद्दा माझ्याही डोक्यात आला नव्हता. सासरे गोगाबाबा टेकडी चढू शकत नाहीत आणि सिंगापूरला १६५ मीटरवर होते. झोपलेले असले तरी होते.

मी आता पैठणच्या बाजूचा झालोय. ४०-५० मीटरचं पुरे, दिल्लीत कालिंदी कुंजजवळ आहे तेवढं. एका अंगाला गाव, एका अंगाला धरण. फक्त पक्ष्यांचं बघावं लागेल. जायकवाडीचा जलाशय अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात. तिथं रात्रभर निळे दिवे चालणार नाहीत. भाचासाहेब, यावर तुमच्या मामांचं मत विचारा ना.

हिशेबनीस

५० मीटरच्या हिशेबाला मी रात्री बसतो.

परभणीचा_भाचा

काल गेलो होतो मामांकडं. आता ऐंशीच्या पुढं आहेत, पाळणा कधीच विकला. मोबाइलवर दुबईचा तो फोटो दाखवला. चष्मा लावून दोन बोटांनी मोठा करून बघितला, आधी आस, मग पाय. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "खोलायला किती दिवस लागतात?"

मी म्हणालो, मामा, हा खोलत नसतेत, तिथंच राहतो.

तर म्हणाले, "मग पुढच्या जत्रेला काय करतेत?"